वाचकांचे प्रश्न : स्टुडिओ, ऑर्डरी आणि मास्टर्स

चित्र-शिल्पकारांच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रं मुख्यतः कोल्हापूर शहर, इचलकरंजी आणि गडहिंग्लज भागातून आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत. प्रवेशाच्या तारखा आणि फी दर वर्षी बदलते. त्यासाठी त्या त्या विद्यापीठाची चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण धरावी.

प्रश्न : माझं जी.डी. आर्ट झालंय. वय ३८. शाहूपुरीत स्टुडिओ आहे, पोर्ट्रेट आणि म्युरलची कामं चालतात. आता मास्टर्स करायचंय. डिप्लोमावर प्रवेश मिळतो का? आणि एम.एफ.ए. करू की एम.व्ही.ए.?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते छोटं आहे. एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) आणि एम.व्ही.ए. (मास्टर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स) या दोन्ही पदव्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत आहेत. दोन्ही प्रत्यक्ष कामाच्या आहेत, नाव विद्यापीठागणिक बदलतं एवढंच. बडोद्याला एम.व्ही.ए. म्हणतात, शांतिनिकेतनच्या कलाभवनात एम.एफ.ए. नावावरून दर्जा ठरवत बसू नका. एम.ए. मात्र वेगळं. तिथे बहुधा लेखनाचा आणि इतिहासाचा भाग मोठा असतो, म्हणून अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाला किती गुण आहेत ते पाहून घ्या.

डिप्लोमाचा प्रश्न खरा अवघड आहे, आणि आपल्याकडे तो घरोघरी आहे, कारण कोल्हापुरात पदवीपेक्षा डिप्लोमाची परंपरा जुनी. जी.डी. आर्ट ही शासनमान्य पदविका आहे, विद्यापीठाची पदवी नाही. मास्टर्सच्या पात्रतेत बहुतेक ठिकाणी ‘बी.एफ.ए., बी.व्ही.ए. किंवा समकक्ष’ असं लिहिलेलं असतं, आणि सगळा घोळ या ‘समकक्ष’ शब्दात होतो. एक विद्यापीठ डिप्लोमा चालवून घेतं, दुसरं घेत नाही, तिसरं डिप्लोमाच्या जोडीला कुठल्याही शाखेची पदवी मागतं. फॉर्म भरायच्या आधी प्रवेश विभागाला ई-मेल करा, सोबत डिप्लोमाची सर्व वर्षांची गुणपत्रकं जोडा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर कुणी ‘चालेल की’ म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर बसलेला माणूस वेगळा असतो, आणि तोवर फी भरून झालेली असते.

उत्तर नकारार्थी आलं तर दोन वाटा उरतात. काही ठिकाणी डिप्लोमाधारकांना पदवीच्या वरच्या वर्षात थेट घेतात, त्याची चौकशी करा. किंवा स्टुडिओ चालू ठेवून मुक्त विद्यापीठातून बी.ए. करा आणि मग ‘कुठलाही पदवीधर’ चालतो अशा कला-इतिहासाच्या एम.ए.कडे वळा. दुसरी वाट लांबची आहे. पोर्ट्रेट रंगवणं सोडून निबंध लिहायची मनापासून तयारी असेल तरच तिकडे जा.

३८ वय ही अडचण बहुतेक ठिकाणी येत नाही. मुलाखतीत प्रश्न येतो तो हा : ‘तुमचं काम चालू आहे, मग इथे कशाला?’ त्याला ‘पदवी पाहिजे’ हे उत्तर प्रामाणिक असलं तरी पुरत नाही. ऑर्डरीच्या कामात गिऱ्हाईक जे करू देत नाही, असं नेमकं काय दोन वर्षांत करून बघायचंय, ते तुमच्यापाशी तयार हवं.

प्रश्न : हायस्कूलमध्ये कलाशिक्षक आहे, बी.एफ.ए. झालेलं आहे. नोकरी सांभाळून मास्टर्स होईल का?

प्रात्यक्षिकाचं नियमित मास्टर्स नोकरी सांभाळून होत नाही. ७५ टक्के हजेरी लागते आणि काम वर्गातल्या जागेवरच, मार्गदर्शकासमोर करायचं असतं. पुणं कोल्हापूरपासून सुमारे २३० किलोमीटर आहे. शनिवार-रविवारी जाऊन-येऊन पूर्ण करू म्हणणारे पहिल्या सत्रातच हजेरीवर अडकतात.

रजा घेणार असाल तर क्रम चुकवू नका. आधी संस्थेची लेखी परवानगी आणि ना हरकत प्रमाणपत्र, त्यानंतर प्रवेश. उलटं केलंत तर पदवी मिळूनही सेवापुस्तकात नोंद करताना अडवणूक होते. कुणी ‘घरबसल्या एम.एफ.ए.’ची जाहिरात दाखवली, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत नेमका तोच अभ्यासक्रम त्याच शैक्षणिक वर्षासाठी मंजूर आहे का ते पाहा. विद्यापीठाला मान्यता आहे, एवढ्यावर भागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एका वर्षाचं मास्टर्स करण्याची सोय यूजीसीने २०२४ च्या आराखड्यात दिली आहे. मात्र कलेच्या विभागांत अजून प्रामुख्याने दोन वर्षंच धरून चला. तुमची जुनी बी.एफ.ए. चार वर्षांची असली तरी ती या अर्थाने ‘ऑनर्स’ धरली जाईलच असं नाही. हेही लेखीच विचारा.

प्रश्न : पोर्टफोलिओत किती चित्रं द्यावीत? माझे फोटो नेहमी चकाकतात, नाहीतर रंग पिवळे येतात. फोटोग्राफर एका चित्राला बरेच पैसे सांगतो.

किती चित्रं द्यायची ते माहितीपुस्तिकेत असतं, साधारण १५ ते २०. ती गेल्या दोन-तीन वर्षांतलीच असावीत. ‘मला सगळं येतं’ हे दाखवण्याच्या नादात एक पोर्ट्रेट, एक निसर्गचित्र, एक स्टिल लाइफ, एक अमूर्त अशी भेळ करू नका. निवड समितीला एका माणसाचं डोकं एका दिशेने चालताना बघायचं असतं. ऑर्डरीची पोर्ट्रेट दोनपेक्षा जास्त नकोत. सर्वांत भक्कम काम पहिलं ठेवा, त्याच्या खालोखालचं शेवटी. जवळून काढलेले तपशिलाचे फोटो दोन-तीनच. जास्त झाले की चित्रं कमी होती म्हणून भरती केली, असं वाटतं.

आता फोटो. पैसे वाचतील, पण एक अख्खा दिवस काढावा लागेल.

तैलरंगातली चकाकी म्हणजे चित्रात पडलेलं समोरच्या उजेडाचं प्रतिबिंब. बर्न्ट अंबर किंवा काळपट निळ्याचे गडद भाग आरशासारखे वागतात आणि समोरची खिडकी, पांढरी भिंत, तुमचा फिकट शर्टसुद्धा दाखवतात. म्हणून कॅमेऱ्याच्या मागे काळी चादर टांगा आणि स्वतः गडद कपडे घाला. निम्मी चकाकी तिथेच जाते. उरलेली दिव्यांच्या कोनावर अवलंबून असते. दोन सारखे दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत ठेवा. चित्राच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट लांब, दोन्ही सारख्याच अंतरावर. बल्ब एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, ५००० ते ५५०० केल्विनचे, आणि खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त लिहिलेलं असावं. उजेड सगळीकडे सारखा पडतो का हे तपासायची सोपी युक्ती आहे : चित्राच्या मधोमध, पृष्ठभागाला काटकोनात पेन्सिल धरा. डावी आणि उजवी अशा दोन सावल्या पडतील. त्या लांबीला आणि काळेपणाला सारख्या दिसेपर्यंत दिवे हलवा. चारही कोपऱ्यांत हेच करा.

पिवळेपणा येतो तो मिश्र उजेडामुळे. खिडकीतून दिवसाचा उजेड आणि डोक्यावर घरातला बल्ब असं असलं की कॅमेऱ्याला कुठला पांढरा खरा मानायचा ते कळत नाही. एक उजेड ठेवा, बाकीचे बंद करा. पहिल्या फोटोत चित्राशेजारी ग्रे कार्ड (रंगाची छटा नसलेलं राखाडी कार्ड) धरा आणि त्यावरून सगळ्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसेल अशी रंगांची जुळणी, एकदाच लावा. दिव्यांचा खर्च नको असेल तर कोल्हापूरचा पावसाळा कामाचा : जून ते सप्टेंबरमधलं ढगाळ, पण पाऊस नसलेलं आभाळ म्हणजे फुकटचा मोठा सॉफ्टबॉक्स. गच्चीच्या दारात, सावलीत चित्र उभं करा. थेट ऊन नको. सावलीतला उजेड निळसर असतो, तेव्हा ग्रे कार्ड इथेही लागेलच.

चित्र चौकोनी असूनही फोटोत वर निमुळतं दिसतं, कारण इझलवर ते मागे कललेलं असतं आणि कॅमेरा सरळ असतो. चित्र भिंतीवर सपाट टांगा, कॅमेऱ्याचा मध्य चित्राच्या मध्याच्या उंचीला आणा आणि पडद्यावरची जाळी चालू करून कडा जुळवा. मोबाइल असेल तर मागे सरका आणि दुप्पट झूमची लेन्स वापरा. जवळून नेहमीच्या लेन्सने काढलं की कडा बाहेर फुगतात. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, कॅमेऱ्यावर एफ ८. फ्लॅश आणि फोटो ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद. जलरंगाचे फोटो फ्रेम करण्यापूर्वीच काढा. काचेतून कधीच नीट येत नाहीत.

शेवटची फाइल एसआरजीबी या नेहमीच्या कलर प्रोफाइलमध्ये, लांब बाजू २००० ते ३००० पिक्सेल. दुसऱ्या कलर प्रोफाइलमध्ये ठेवलेली फाइल पोर्टलवर मळकट दिसते. मूळ फाइल जपून ठेवा. आणि कुणाला पाठवायची तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून बारीक केली जाते. प्रत्येक कामाखाली शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप, आधी उंची मग रुंदी. एका कामाला इंच आणि दुसऱ्याला सेंटिमीटर असं करू नका.

मुलाखतीला मूळ कामं न्यायची झाली तर कॅनव्हास स्ट्रेचरवरून काढून गुंडाळता येतो, पण पूर्ण वाळलेला आणि जाड थर नसलेलाच. रंगाची बाजू बाहेर ठेवा, चार ते सहा इंच व्यासाच्या नळीवर गुंडाळा, मध्ये बटर पेपर घाला. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर उन्हाळ्यातल्या रेल्वेप्रवासात त्याचे गोल ठसे पृष्ठभागावर उठतात.

प्रश्न : मी जलरंगात निसर्गचित्रं करतो. रंकाळा, पंचगंगा घाट, जोतिबाचा डोंगर. मुलाखतीत ‘हे फार अकॅडमिक आहे’ असं ऐकावं लागलं. शैली बदलू का?

शैली बदलू नका. मुलाखतीच्या आधी तीन महिन्यांत उसनं अमूर्त करणाऱ्यांची कामं समितीला दुरून ओळखू येतात. आक्षेप नेमका कशावर होता ते मात्र समजून घ्या. घाटाचं चित्र रंगवलं म्हणून कुणी नापास होत नाही. पंधरा चित्रांत पंधरा सुंदर जागा असतात आणि एकही प्रश्न नसतो, अडचण तिथे येते.

आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले आणि १९३१ साली वारले. त्यांची चित्रं टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन जवळून पाहा. विषय तुमचेच आहेत : पाणी, झाडं, घाट. पण उजेड कुठून येतो आणि तो पाण्यावर काय करतो, याचा पिच्छा ते सोडत नाहीत. समितीला असा पिच्छा दिसायला हवा.

एक उदाहरण घ्या. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आता घाटाच्या एकाच जागेवर, एकाच उंचीवरून, १५ बाय २२ इंचांच्या अर्ध्या इंपिरियल ३०० जीएसएम कागदावर पाण्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांची दहा चित्रं करा. क्षितिज कागदावर दहाही वेळा त्याच उंचीवर. पायऱ्या बुडत जातात, देवळांचे कळस खाली येत असल्यासारखे वाटतात, पाण्याचा रंग हिरवटापासून गढूळ गेरूपर्यंत जातो, प्रतिबिंब नाहीसं होतं. पूर ओसरल्यावर भिंतींवर राहिलेली चिखलाची रेघ हा अकरावा विषय. माध्यम तेच, हात तोच, पण आता ‘हीच जागा का, जलरंगच का, आत्ताच का’ या तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे. गढूळ पाण्यासाठी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरिन मिसळताना कागदावर दाणे बसतात. तो दाणेदारपणा दाखवूनही दोन वाक्यं बोलता येतात.

फोटोवरून केलेली चित्रं काढून टाका. काळ्याभोर सपाट सावल्या आणि लेन्सने ताणलेल्या कडा पाहताच ते कळतं. त्याऐवजी जागेवर केलेल्या स्केचबुकची पानं सोबत न्या, पुसट-डागाळलेली असली तरी.

प्रवेशपरीक्षेबद्दलही एक सूचना. आपल्याकडे पोर्ट्रेटचा हात चांगला असतो, आणि म्हणूनच लाइफ ड्रॉइंगच्या (समोरच्या माणसाचं पूर्ण शरीर रेखाटण्याच्या) पेपरात मुलं डोक्यापासून सुरू करतात, चेहऱ्यावर वेळ घालवतात आणि पावलांना कागद उरत नाही. कोळशाने पहिल्या दहा मिनिटांत डोकं, कंबर, टाचा आणि भार कुठल्या पायावर आहे याच्या खुणा करून घ्या. चेहरा सर्वांत शेवटी.

अर्जासोबतचं स्वतःच्या कामाबद्दलचं निवेदन २५०-३०० शब्दांचं, आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत न्या. ‘लहानपणापासून चित्रकलेची आवड’ हे वाक्य खोडा. त्या जागी गेल्या वर्षी कामात काय अडलं ते लिहा.

प्रश्न : कुंभार गल्लीत काम करतो, शिल्पात बी.एफ.ए. आहे. प्रवेशपरीक्षेत मातीकाम असतं. आणि गणपतीच्या हंगामाचं काय करायचं?

हंगाम आणि प्रवेश यांची टक्कर होतेच. परीक्षा बहुधा उन्हाळ्यात, वर्ग सुरू होतात ते ऐन गणपतीच्या तोंडावर. पहिल्या वर्षी मोठ्या मूर्तींच्या ऑर्डरी घेऊ नका, किंवा रंगकाम आणि फिनिशिंग दुसऱ्याकडे सोपवून टाका. ॲडव्हान्स घेऊन हजेरी बुडवली तर दोन्हीकडे तोंड दाखवायला जागा राहत नाही.

परीक्षेतली माती कोसळते ती बहुतेक वेळा आर्मेचरमुळे, म्हणजे आतल्या आधाराच्या सांगाड्यामुळे. मानेच्या उभ्या दांड्याला नुसती माती लावली की डोकं स्वतःच्या वजनाने खाली सरकतं, हनुवटी छातीला टेकते. दांड्यावरून ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन वेढे काढून त्यात लाकडी ‘बटरफ्लाय’ (फुलीसारख्या बांधलेल्या दोन काटक्या) टांगा, म्हणजे माती त्यावर अडकून राहते. पूर्ण मापाचं डोकं आणि मान यांना साधारण १२ ते १५ किलो माती लागते. ती बोटाला चिकटणार नाही इतपतच ओली असावी. घरी शाडूची सवय असेल तर परीक्षेतली माती आधी चाचपून घ्या, तिचं आकुंचन वेगळं असतं. दर दहा मिनिटांनी टर्नटेबल फिरवा. समोरून सुंदर आणि बाजूने चपटं, हा दोष मूर्तिकामाच्या सवयीतून येतो, कारण गणपती बघायचा असतो समोरूनच.

पोर्टफोलिओत प्रत्येक शिल्पाचे तीन कोनांतून फोटो द्या, मागे राखाडी कापड आणि एका बाजूने तिरका उजेड. फायबरचं काम कांस्य रंगवलेलं असेल तर माध्यमात ‘फायबरग्लास’ असंच लिहा.

प्रश्न : पैशांची सोय? आणि पुढे नेट लागतेच का?

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या ज्युनिअर फेलोशिपला २५ ते ४० वयाचे कलावंत अर्ज करू शकतात, महिना १०,००० रुपये. ४० च्या पुढे सीनिअर, महिना २०,०००. दोन्ही दोन वर्षांच्या आहेत. पण त्या स्वतंत्र प्रकल्पासाठी असतात, कॉलेजच्या फीसाठी नव्हेत. मास्टर्सचाच विषय प्रकल्प म्हणून पाठवला की अर्ज कच्चा ठरतो. १८ ते २५ वयाच्यांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, महिना ५,०००. महाराष्ट्रातल्या संस्थेत प्रवेश घेणार असाल तर महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचे निकष पाहा. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं.

विद्यापीठात किंवा पदवी महाविद्यालयात शिकवायचं असेल तर मास्टर्सला ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), हा सरळ रस्ता. विषय ‘व्हिज्युअल आर्ट’, क्रमांक ७९. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, सलग तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. नुसतं स्वतःचं काम पुढे न्यायचं असेल तर नेटच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : एम.व्ही.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधिकेसाठी ‘कोल्हापूरची चित्रपरंपरा’ हा विषय घेतला, मार्गदर्शक म्हणतात फार मोठा आहे. काय करू?

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. त्या विषयात आबालाल आले, दत्तोबा दळवी आले, बाबूराव पेंटर आले, सिनेमा आला. ८० पानांत प्रत्येकाला परिच्छेदच मिळेल. एक वस्तू धरा. उदाहरणार्थ, नाटक कंपन्यांचे रंगवलेले पडदे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी असे पडदे रंगवले, आणि पुढे १९२० साली बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा आला. पडद्यावरचा आभासी महाल आणि सिनेमाचा सेट यांत काय टिकलं, काय बदललं, एवढाच प्रश्न पुरेसा आहे.

अडचण अशी की पडदे फारसे उरलेले नाहीत. सरसात कालवलेला रंग कापडावर, आणि तो रोज गुंडाळायचा-उलगडायचा; रंग भुकटी होऊन झडतो. म्हणून आडवाटेचे पुरावे शोधा : नाटकांच्या जाहिराती, प्रयोगांचे फोटो, कंपन्यांच्या हिशेबवह्या. सुरुवात १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरापासून करा, मग कोल्हापूरचं पुराभिलेखागार, शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय, आणि सिनेमाच्या स्थिरचित्रांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. जाताना कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र न्या, आणि तुम्हाला हवी असलेली वर्षं कागदावर लिहून द्या. ‘पेंटरांबद्दल काय आहे?’ असं विचारलं तर बहुधा ‘काही नाही’ असंच उत्तर येतं.

कुणाच्या घरी जुनं कापड सापडलं तर ते स्वतः उलगडू नका. मालकाची लेखी संमती घ्या, कडेला पट्टी ठेवून फोटो काढा, कापडाचा पन्हा, शिवणी कुठे आहेत, मागच्या बाजूला शाईने काही लिहिलंय का, हे टिपून घ्या. मागची बाजू बघायची राहून जाते, आणि कंपनीचं नाव असलंच तर ते तिथेच असतं.

उताऱ्यांबाबत यूजीसीचा २०१८ चा नियम लक्षात ठेवा : इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर प्रबंधिका सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावी लागते. मराठी लिखाण तपासलं जात नाही अशा भरवशावर राहू नका. जुन्या लेखातलं वाक्य उतरवून घेताना त्याच क्षणी पान क्रमांक लिहा.